मृत्युपत्र, नॉमिनी आणि उरलेले कागद : माझा अनुभव

नाशिकच्या इंदिरानगरमध्ये आम्ही दोघी जोडीदार म्हणून अनेक वर्षे एकत्र राहतो. फ्लॅट माझ्या नावावर आहे, खर्च दोघींचा. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चे भय संपले. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी घटनापीठाने समलिंगी विवाहाला मान्यता देणे हे संसदेचे काम असल्याचे सांगितले आणि पुनर्विचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. तेव्हा हाती असलेल्या कायद्यांतूनच जमेल तेवढी सोय लावायचे आम्ही ठरवले.

सुरुवात बँकेपासून केली. समलिंगी व्यक्तींना संयुक्त खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नॉमिनी करण्यास कोणतीही आडकाठी नाही, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केले होते. तरीही काउंटरवर नात्याचा पुरावा मागितला गेला. त्या सूचनेची प्रत पुढे केल्यावर काम झाले.

मध्यवर्ती बसस्थानकाजवळ (सीबीएस) कार्यालय असलेल्या वकील मॅडमनी मात्र आमचे समाधान फार काळ टिकू दिले नाही. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक नव्हे. शिवाय मी मृत्युपत्र न करता गेले, तर आई-वडील हयात नसल्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार फ्लॅट माझ्या भावाकडे जाईल, हे त्यांनी समजावले. म्हणून मृत्युपत्रात फ्लॅटचा पूर्ण तपशील, भावाला हिस्सा का दिला नाही याचे कारण आणि मृत्युपत्र अमलात आणणाऱ्या व्यवस्थापकाचे नाव घातले. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही आणि त्याला मुद्रांक शुल्कही लागत नाही. पण पुढे कोणी शंका घेऊ नये म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडून आम्ही ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवले. दोन साक्षीदारांपैकी एक शेजारच्या काकू होत्या. यंत्रावर त्यांचा अंगठा काही केल्या उमटेना, तेव्हा पदराला बोट पुसत त्या लिपिकाला म्हणाल्या, "जन्मभर भांडी घासली हो, रेषा कुठून उरणार?"

मी बेशुद्ध असताना उपचारांचे निर्णय कोणी घ्यायचे, यासाठी वैद्यकीय पूर्वनिर्देश केला. २०२३ पासून त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. साध्या मुखत्यारपत्रावर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण देणाऱ्याचे भान हरपले की त्याचा आधार घेता येत नाही.

माझ्या जोडीदाराच्या भविष्य निर्वाह निधीचे तेवढे जमले नाही. ती अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला आहे, आई तिच्यावर अवलंबून आहे, आणि योजनेच्या व्याख्येतले कुटुंब असताना बाहेरच्या व्यक्तीचे नामनिर्देशन चालत नाही. त्यामुळे तिथे आईचेच नाव कायम आहे.