जंक्शनची चितळं आणि दोनशे यार्डांची रायफल

टेक्ससमध्ये चितळाच्या शिकारीला जायचं तर ऑस्टिनहून २९० नंबरच्या हायवेनं पश्चिमेला निघायचं आणि जॉन्सन सिटी, फ्रेडरिक्सबर्ग, हार्पर करत आय-१० महामार्गाला लागायचं. साधारण अडीच तासांत जंक्शन नावाचं गाव येतं. शनिवारी निघणार असाल तर फ्रेडरिक्सबर्ग सकाळी नऊच्या आत ओलांडा. नंतर तिथं वायनरीवाल्यांची झुंबड उडते आणि गाडी हलत नाही. हार्परच्या पुढे मोबाईलला भरवशाची रेंज मिळत नाही, त्यामुळे रँचचा नकाशा आणि फाटकाचा कोड आधीच उतरवून घ्या.

आम्ही तिघं होतो: मी, नागपूरचा एक मित्र आणि ह्यूस्टनहून आलेला त्याचा आतेभाऊ. नोव्हेंबर म्हणजे व्हाइटटेलचा, म्हणजे इथल्या मूळच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा मोसम. पण आमचा खरा डोळा चितळावर होता. हो, आपलंच चितळ. १९३२ च्या सुमारास ते टेक्ससमध्ये आणलं गेलं. चुनखडीच्या टेकड्या आणि नदीकाठचं गवत त्याला इतकं मानवलं, की आता इथल्या हरणांचा चारा ते फस्त करतं म्हणून रँचवाले वैतागलेत. फाटकातून आत शिरलो तर ओकच्या झाडांखाली ठिपकेदार पाठीच पाठी. मित्र म्हणाला, "अबे, हे तर ताडोबातल्या मोहर्लीच्या गेटवरचंच दिसून राहिलं!" भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. त्यामुळे पुढचं सगळं टेक्ससपुरतं समजा.

रँचवाल्या म्हाताऱ्याचा नियम असा, की आधी शंभर यार्डांवरच्या कागदावर तीन गोळ्या मारून दाखवायच्या, मगच मचाणाची चावी. आतेभावानं .३०० विंचेस्टर मॅग्नम ही जबर धक्क्याची रायफल आणली होती, व्हिडिओ बघून घेतलेली. त्याचे तीन बार कागदावर तीन दिशांना गेले. म्हाताऱ्यानं काही न बोलता रायफल हातात घेतली, पाठ करून भरली आणि परत दिली. आतेभावानं नेम धरला, चाप ओढला आणि नुसता 'टक्' आवाज झाला. म्हाताऱ्यानं आत नकली काडतूस घातलं होतं. बार झालाच नाही, तरी नळी दोन-तीन इंच खाली गेली आणि आतेभावाचे डोळे घट्ट मिटलेले आम्ही सगळ्यांनी पाहिले. दस्त्याच्या धक्क्याची धास्ती खांद्यानं आधीच घेतली होती. म्हाताऱ्यानं त्याच्या हातात आपली जुनी, हलक्या धक्क्याची .२४३ रायफल दिली. चार-सहा बार झाल्यावर त्याच्या तीन गोळ्या चहाच्या बशीत मावतील एवढ्यात बसल्या.

रायफल घ्यायला निघालेली माणसं कॅलिबरपासून, म्हणजे गोळी-काडतुसाच्या मापापासून सुरुवात करतात. मी म्हणेन, आधी पल्ला ठरवा. या भागात मचाणापासून मक्याचा फीडर (हरणांसाठी मका टाकणारं यंत्र) ८० ते १२० यार्डांवर असतो. टेकडीच्या कडेवरून खालच्या मोकळ्या पट्ट्यावर मारायचं म्हटलं तरी १८०-२०० च्या पुढे सीडरची झाडी आड येते. एवढ्या पल्ल्यावर हरणाचं हृदय-फुप्फुस सुमारे आठ इंचांचं निशाण असतं. .२४३, ६.५ क्रीडमूर, ७ एमएम-०८, .२७०, .३०८ यांतली कुठलीही रायफल २०० यार्डांना शून्य केली, म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर लागेल अशी दुर्बीण जुळवली, तर १०० वर गोळी दोनेक इंच वर लागते आणि ३०० वर सात ते नऊ इंच खाली. म्हणजे २०० पर्यंत सरळ मधोमध धरायचं, दुर्बिणीची चक्रं फिरवायची गरजच पडत नाही. फक्त जुनी .३०-३० यात बसत नाही. तिची गोळी संथ. १०० ला शून्य केली तर २०० वर सात-आठ इंच खाली येते. दाट झाडीत मात्र ती अजूनही झकास.

मग निवड कशावरून करायची? धक्क्यावरून. सारख्या वजनाच्या रायफलींत .३०८ चा धक्का .२४३ च्या जवळजवळ दीडपट ते दुप्पट असतो, ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८ यांचा धक्का त्या दोन्हींच्या मधला. वर्षातून दोनदाच नेमबाजीच्या रेंजवर जाणार असाल, घरातलं दुसरं कुणी तीच रायफल वापरणार असेल, तर मधलं घ्या. .३०८ चा मोठा फायदा म्हणजे १९५२ पासून चालत आलेलं हे काडतूस खेड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतं. ७ एमएम-०८ हे काडतूस गुणानं उत्तम, पण जंक्शनसारख्या गावात आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. माझी स्वतःची .३०८ आहे आणि बदलायचं कारण मला सापडलेलं नाही.

कॅलिबरवर रात्र-रात्र वाद घालणारे गोळीकडे मात्र बघतही नाहीत. दुकानात .३०८ च्या शेजारीच स्वस्तात ७.६२ नाटो या लष्करी काडतुसाचे डबे दिसतात. आपल्या लष्कराची जुनी एसएलआर रायफल हेच काडतूस खायची. ते शिकारीला अजिबात नको. त्या गोळीवर पूर्ण धातूचं कवच असतं. ती फुलत नाही, आरपार बारीक भोक पाडून जाते आणि जनावर जखमी होऊन मैलभर पळतं. शिकारीची गोळी आत शिरून फुलायला हवी आणि तरीही शाबूत राहून पलीकडून बाहेर पडायला हवी. व्हाइटटेलला साधी सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली गोळी) पुरते; .२४३ मध्ये १०० ग्रेन (हे गोळीच्या वजनाचं माप), .३०८ मध्ये १५० ग्रेन. चितळाचा नर मात्र इथल्या हरणापेक्षा अंगानं थोराड आणि चिवट. त्याच्यासाठी बाँडेड (कवच आणि शिसं एकत्र जोडलेली) किंवा अख्ख्या तांब्याची गोळी घ्या, विशेषतः कॅलिबर लहान असेल तर. तांब्याच्या गोळीचा आणखी एक फायदा म्हणजे मांसात शिशाचे कण राहत नाहीत. आणि एकदा जी गोळी रायफलीला मानवली, तिचेच चार डबे घेऊन ठेवा. ब्रँड बदलला की शून्य पुन्हा तपासावंच लागतं.

पहिल्या संध्याकाळी आतेभावाला संधी मिळाली. मादी होती, साधारण ११० यार्डांवर. तो घाई न करता ती आडवी होईपर्यंत थांबला. पुढच्या पायाच्या मागच्या कडेनं वर जायचं आणि अंगाच्या खालच्या तिसऱ्या भागात धरायचं, हे म्हाताऱ्यानं त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. बार झाला, मादीनं एक उडी मारली, चाळीसेक यार्ड धावली आणि आडवी झाली. बाहेर पडलेल्या गोळीचं भोक अंगठा जाईल एवढं होतं; गवतावर फेसाळ, गुलाबी रक्त. असं रक्त दिसलं की फुप्फुस लागलंय. काळपट आणि हिरवट दिसलं तर पोटात बसलीय, मग तासन्‌तास बसून राहायची तयारी ठेवा, लगेच मागे धावू नका.

माझं चितळ दुसऱ्या सकाळी १६५ यार्डांवर आलं. उभं राहून मारायचा मोह आवरला आणि सॅक दगडावर ठेवून तिच्यावर रायफल टेकवली. बांधीव मचाण नसेल तर तिकाठी न्या. टेकल्याशिवाय १०० च्या पुढे मारूच नये असं माझं मत. चितळ कळपात असतं, म्हणून मागे दुसरं उभं नाही ना हे बघा. तांब्याची गोळी दोन्ही फऱ्यांतून आरपार गेली, जनावर जागीच बसलं.

आता कागदपत्रं. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. ऑनलाइन होतो, आठवडाभर आधीच उरका. लायसन्सचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. चितळाला ठरावीक मोसम नाही, संख्येची मर्यादा नाही, टॅगही (मारलेल्या जनावराला लावायची चिठ्ठी) नाही. पण हंटिंग लायसन्स आणि जमीनमालकाची परवानगी हवीच. व्हाइटटेलला टॅग लागतो. कागदी टॅग असेल तर मारल्याबरोबर महिना आणि तारखेची खाच कापा, मग फोटो काढा. व्हाइटटेलवर .२२ सारखं रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणारं) काडतूस चालत नाही.

एच-१बी वाल्यांनी नीट वाचा: नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्यानं मनाई आहे आणि राज्याचं वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद आहे. म्हणजे मित्राची रायफल हातात घेण्याआधीसुद्धा लायसन्स खिशात हवं. ते संपलं तर अपवादही संपला. शंका असेल तर वकिलाला विचारा, दुकानदाराला नको. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

नोव्हेंबरातही दुपारी इथं ऊन तापतं, म्हणून मोठा कूलर आणि भरपूर बर्फ आधीच घेऊन जा. आतडी तासाभरात काढा. चितळाचं मांस चरबी नसलेलं आणि उग्र वास नसलेलं. मागच्या मांडीचे तुकडे सावजी मसाल्यात मस्त लागतात, फक्त मटणाएवढं शिजवू नका, दडस होतात. म्हाताऱ्यानंही वाटीभर रस्सा पाव बुडवून खाल्ला आणि मग अर्धा गॅलन दूध प्याला.

रँचचे पैसे परवडत नसतील तर टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या खात्याच्या शिकारीच्या सोडतीला अर्ज करा. यादी उन्हाळ्यातच लागते, अर्जाची फी किरकोळ असते. तिथं मचाणाची सोय असेलच असं नाही, म्हणून तिकाठी आणि अंतर मोजायचा रेंजफाइंडर घरून घेऊन जा.