सहा इंची आरसा, नोंद ७ : दीड मिलिमीटरने घोळ केला

दुर्बिणीसाठी सहा इंची आरसा घासतोय. मागच्या वेळी लिहिलं होतं की ८० नंबरच्या भरड कार्बोरंडमचं (काच घासायची पूड) घासकाम संपलं, वक्रतात्रिज्या (आरसा ज्या गोलाचा तुकडा, त्याची त्रिज्या) बरोब्बर २४०० मिमी, आता त्याहून बारीक १२० नंबर. ते मागे घेतोय. रविवारी सकाळी गच्चीत आरसा ओला करून उन्हाचा कवडसा भिंतीवर पाडला. ठिपका सगळ्यात बारीक झाला तो ११३० मिमीवर, फार तर पाच-दहा मिमी इकडेतिकडे. हे झालं नाभीय अंतर; ते वक्रतात्रिज्येच्या निम्मं, म्हणजे हवं होतं १२००. दुसऱ्या टेपने मोजलं, तरी तेच.

म्हणजे स्फेरोमीटर (तीन पायांवर उभं राहून मधल्या डायल गेजने आरशाची खोली मोजणारं उपकरण) चुकतोय. जाड सपाट काचेवर डायल पुन्हा शून्य केला, आरशावर ठेवला : ०.५२१ मिमी. डायल चोख आहे. मग उरली पायांच्या वर्तुळाची त्रिज्या. लेथवाल्याला १०० मिमी व्यासावर तीन भोकं सांगितली होती आणि तेव्हापासून मी सूत्रात ५० घालत आलो. प्रत्यक्ष मोजली नव्हतीच. मधे गेजची दांडी असल्याने पट्टी नीट बसत नाही, म्हणून कार्बन पेपरवर दाबून पायांचे तीन ठिपके उमटवले. व्हर्नियरने बाजू आल्या ८३.९, ८४.० आणि ८४.१. समभुज त्रिकोणाची बाजू भागिले तीनचं वर्गमूळ, म्हणजे ४८.५!

फरक दीडच मिमीचा, पण सूत्रात त्रिज्येचा वर्ग येतो. तीन टक्क्यांची चूक सहा टक्क्यांची होते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त शर आणि जीवेवरून व्यास काढायची रीत आहे, ती नेमकी हीच : अर्ध्या जीवेच्या (इथे पायांच्या वर्तुळाची त्रिज्या) वर्गाला शराने (इथे डायलवरची खोली) भागा, त्यात शर मिळवा. ४८.५ चा वर्ग २३५२, भागिले ०.५२१, अधिक शर : व्यास ४५१५. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे नाभीय अंतर, ११२९. भिंतीवरचा ठिपका आणि वहीतला आकडा जुळले तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. घरातल्यांना उठवून सांगावंसं वाटलं.

आता टूल (आरसा ज्यावर घासतो ती जोडीची चकती) वर, आरसा खाली घेऊन डायल ०.४९० वर आणायचा, असं ठरवलं होतं. पण हे लिहितानाच वाटतंय, कशाला? एफ/८ (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट) धरलं होतं ते गोलीय आरशावर भागावं म्हणून. एफ/७.५ ला पॅराबोलाच (गोलापेक्षा मधे किंचित खोल आकार) करावा लागेल, आणि फूको टेस्टर (आरशाचा आकार तपासायचं साधन) तर तयारच आहे. करूच. दुय्यम आरसा (प्रकाश बाजूला वळवणारा छोटा) ३५ ऐवजी ४० मिमीचा घेईन. व्यासाने तो मुख्य आरशाच्या चौथाईहून मोठा, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने जातं, त्यामुळे प्रकाश अडतो फक्त ७.१ टक्के.

सुटं कार्बोरंडम घेणाऱ्यांनो, आधी पाण्यात निवळून घ्या. माझ्या १२० च्या पुडीत ८० चे दाणे निघाले. एक दाणा पुढे सगळ्या आरशावर ओरखडे काढतो.

स्फेरोमीटरच्या चकतीवर ४८.५ कोरून ठेवलंय. उद्यापासून १२०.