नववी ‘ब’ची पट्टी

‘तू नुसते ओठ हलव.’

हे मी म्हणाले होते. १४ ऑगस्टला, रंगीत तालमीत, शंभरेक मुलांच्या देखत, नववी ‘ब’मधल्या एका मुलाला. पाचवीपासून परिपाठाला पुढे उभा राहून प्रार्थना सांगणारा हा मुलगा. राज्यगीताच्या वरच्या ओळीला त्याचा आवाज चिरकला, मागची रांग फिदीफिदी हसली आणि मला दुसऱ्या दिवशी झेंड्यासमोर फजिती नको होती. तो ‘हो बाई’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने ओठसुद्धा हलवले नाहीत. पुढच्या तासापासून तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

ठाण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत संगीत शिक्षिका म्हणून ते माझं पहिलंच वर्ष. त्याआधी अकरा वर्षं मी घरी क्लास घेत होते. घरी येणाऱ्या बहुतेक मुली, एका वेळी पाच-सहा. माझी पट्टी, म्हणजे ज्या सुराला सा धरून गायचं तो, काळी चार, पेटीच्या सप्तकातली चौथी काळी; त्यांचीही साधारण तीच किंवा आसपासची. पेटी उघडली की बोट आपोआप तिथेच जायचं. शाळेत एका वर्गात ५४ मुलं, आठवड्याला ३५ मिनिटांचा एक तास, त्यातली सात-आठ मिनिटं मुलं हॉलमध्ये येऊन बसेपर्यंत संपलेली. सहामाही जवळ आली की तोही तास गणिताचे सर हक्काने मागून न्यायचे. एवढं सगळं बदललं, बोट मात्र काळी चारवरच राहिलं.

मुली गायच्या. मुलांतले निम्मे ओरडायचे, उरलेले एकमेकांना चिमटे काढायचे. मी स्टाफरूममध्ये येऊन सांगायचे की या मुलांना गाण्यात रसच नाही. नववीच्या मुलांबद्दल असं काही म्हटलं की स्टाफरूममध्ये लगेच एकमत होतं, त्यामुळे माझं काही चुकतंय असं मला वाटायचं कारणच नव्हतं.

गणपतीनंतरच्या आठवड्यात पाऊस परत धो धो सुरू झाला. शाळेची पेटी जुनी, ठेवलेली जिन्याखालच्या खोलीत. दमट हवेने लाकूड फुगलं आणि काळी पाचची पट्टी दबली ती वर येईना. भाता मारला की तो सूर वाजतच राहायचा. काळी चारला सा धरला तर तो रिषभ (रे), म्हणजे गाणाऱ्याच्या कानाशी सतत कुणीतरी कुरकुर करतंय असं. दुरुस्तीवाला चार दिवसांनी येणार होता. तास तर समोर. मग म्हटलं, हा सूर पंचम (प) होईल अशी पट्टी धरू, निदान तंबोऱ्यासारखा कामाला येईल. काळी दोनला सा धरला की काळी पाच बरोबर पंचम. तशी लावली आणि भूप रागातले सरावाचे नेहमीचे अलंकार सुरू केले.

आणि मागच्या तीन बाकांवरून आवाज आला. जाडा, थोडा बेसूर, पण गाण्याचा आवाज, ओरडण्याचा नव्हे. सहा-सात मुलं एका सप्तकाखाली निवांत गात होती. त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटून ती एकमेकांकडे बघत होती. पुढच्या मुली मात्र कुरकुरायला लागल्या, ‘बाई, खूपच खाली आहे हो.’ जून-जुलैभर मुलांनी हेच मला ओरडून सांगितलं होतं, फक्त त्यांना शब्द सापडत नव्हते.

आवाज फुटतो म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं असं नाही. साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान मुलांचा स्वरयंत्राचा सांगाडा वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही दोन-तीन स्वरांनी उतरतो, पण तो चिरकत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. जुन्या नाटक मंडळ्यांत तर स्त्रीभूमिका करणाऱ्या पोरांना या दिवसांची धास्ती असायची, आवाज फुटला की भूमिका गेली. हे सगळं वाचलेलं, ऐकलेलं. पण माझ्या क्लासला मुलगे आठवीत गेले की यायचे बंद व्हायचे. आई सांगायची, ‘अभ्यास वाढलाय.’ मीही ते खरं धरून चालायचे.

मग मी मधल्या सुट्टीत एकेकाला बोलवायला लागले. रोज पाच जण, डबा खाऊन झाल्यावर, हॉलच्या कोपऱ्यात, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं. ‘गाऊन दाखव’ म्हटलं की मुलगा आक्रसतो, हे दोन दिवसांत कळलं. म्हणून ‘हजेरी दे’ म्हणायचे. ‘हजर बाई’ ज्या सुरात निघेल तो सूर पेटीवर शोधायचा, तिथून मिटल्या ओठांनी हुंकार देत एकेक स्वर खाली उतरायचं, मग वर चढायचं. जिथे मान ताणली जाते किंवा खांदे वर येतात तिथे थांबायचं. हजेरीच्या कॅटलॉगच्या मागच्या पानावर प्रत्येकाच्या नावापुढे पट्टी लिहिली. पेन्सिलीने. ते बरं झालं, कारण एका मुलाची सप्टेंबरमधली पांढरी सहा डिसेंबरात काळी दोनवर आली होती.

दोन आठवड्यांत चित्र दिसलं. मुली बहुतेक काळी तीन ते काळी पाचच्या दरम्यान. तेरा मुलगे बसलेल्या, म्हणजे फुटून खाली स्थिरावलेल्या आवाजाचे, काळी एक, पांढरी दोन, एखादा काळी दोन. चौघांचा आवाज अजून कोवळाच, ते मुलींबरोबर आरामात गात होते, फक्त तसं कुणी म्हटलेलं त्यांना चालत नव्हतं. आणि अकरा जण अधांतरी. त्यांच्याकडे जेमतेम पाच-सहा स्वर, तेही सलग नाहीत, मधल्या एका ठिकाणी नुसती हवा. शेवटच्या बाकावरचा तो मुलगा या अकरांतला. त्याने ‘हजर बाई’ इतकं हळू म्हटलं की मला तीनदा म्हणायला लावावं लागलं.

या अकरांचं काय करायचं? माझ्या गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, दोन वर्षं गळ्याला पूर्ण विश्रांती. एका विद्यार्थ्याचे वडील कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, गाणं बंद करायची गरज नाही, ओरडायचं नाही आणि सहज लागेल तेवढ्यातच गायचं. मी मनातल्या मनात डॉक्टरांच्या बाजूने गेले. कारण दोन वर्षं गप्प बसवलेला मुलगा परत गायला येतो हे मी अजून पाहिलेलं नाही.

मध्ये पालकसभा झाली. तिथे एकच प्रश्न, ‘दहावीला याचे मार्क मिळतात ना?’ मिळतात, शास्त्रीय गायन-वादनाच्या ठरावीक परीक्षा दिलेल्यांना वाढीव गुण असतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू इथे जवळच वाशीला आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून लावलेल्या रोपट्याची ती फांदी, हे मी उत्साहाने सांगायला गेले, पण पालकांना फॉर्मची तारीख हवी होती. ती दिली.

स्नेहसंमेलनासाठी वर्गाचा एक अभंग बसवायचा ठरला, भूपात, आठ मात्रांच्या ठेक्यात. मुली काळी चारला गाणार, बसलेल्या आवाजाची मुलं दुसरा अंतरा काळी एकला. मध्येच पट्टी बदलायची तर तबल्याचं काय, हा मोठा प्रश्न होता. शाळेकडे तबला एकच, लहान तोंडाचा, काळी चारला मिळवलेला. तो ओढून काळी एकला येणं शक्यच नव्हतं. कागदावर स्वर मांडत बसले आणि मग स्वतःच्याच कपाळावर हात मारला. काळी एकला सा धरला की काळी चार म्हणजे पंचम. तबला हलवायची गरजच नाही, मुलींच्या वेळी तो षड्जाला (सा) बोलेल, मुलांच्या वेळी पंचमाला.

अधांतरीच्या अकरांना मी पढंत दिली. तबल्याचे बोल तोंडाने, सुराची भानगडच नाही. आधी ठेका, मग शेवटी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा: तिटकत गदिगन धा, तिटकत गदिगन धा, तिटकत गदिगन धा. फळ्यावर लिहिलं, हातावर टाळी धरून म्हणून दाखवलं. सगळे म्हणायला लागले आणि शेवटच्या बाकावरून आवाज आला, अर्धा जाडा, अर्धा बारीक, ‘बाई, हे चुकतंय.’

ऑगस्टनंतर तो वर्गात पहिल्यांदा बोलत होता.

‘काय चुकतंय?’

‘ठेका आठचा आहे ना? हे तीन तीन तीन नऊ होतंय.’

‘मग नववी कुठे पडते बघ.’

त्याने बोटांच्या पेरांवर मोजलं. एकदा, दोनदा. ओठ हलत होते. मग मान वर केली. ‘नववी म्हणजे परत पहिली!’

अख्खा वर्ग हसला, कारण नववीतल्या मुलांना ‘नववी म्हणजे परत पहिली’ हे वाक्य म्हणजे मेजवानीच. पुढचा आठवडाभर ते जिन्यात, ग्राउंडवर, विज्ञानाच्या तासाला ऐकू येत होतं. विज्ञानाच्या बाई माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. पण तिसरा ‘धा’ समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर पडतो हे त्या दिवसानंतर मला कुणालाही समजवावं लागलं नाही. पढंतचा म्होरक्या तो आपोआप झाला.

एका दुपारी तो पेटी उचलून खोलीत ठेवायला आला तेव्हा मी म्हटलं, ‘ऑगस्टमध्ये तुला जे म्हणाले ना, ते माझं चुकलं.’ त्याने पेटीवरचं कापड दोनदा सारखं केलं. ‘चालतं बाई,’ म्हणाला आणि पळाला.

याच सुमारास मी वर्गाला राम मराठ्यांची गोष्ट सांगितली. ठाण्यात दरवर्षी त्यांच्या नावाने महापालिकेचा संगीत महोत्सव होतो, त्यामुळे नाव मुलांनी फलकांवर वाचलेलं होतं, माणूस माहीत नव्हता. लहानपणी प्रभातच्या चित्रपटात कृष्ण झालेला, गाणारा मुलगा, आणि पुढे मोठा गवई झालेला तोच माणूस. दोन्ही आवाज मोबाइलवर पाठोपाठ लावले. ‘हे एकच आहेत?’ एवढंच एक जण म्हणाला. बाकी शांतता होती आणि मीही पुढे काही बोलले नाही.

संमेलन जानेवारीत, शाळेच्या पटांगणात. जे बिघडायचं ते बिघडलंच. साउंडवाल्याने सगळे माइक मुलींसमोर लावले, पढंतवाल्यांना एकही नाही. तो शोधण्यात पाच मिनिटं गेली. तेवढ्या वेळात कोरड्या हवेत, दिव्यांच्या धगीसमोर तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, तापून चढली. सुरुवातीची थाप पडली आणि माझ्या पोटात गोळा आला, पाव सूर वर. तबल्यावरच्या मुलाला खुणेने हातोडी दाखवली. त्याने मुलींच्या आलापात, ठेका सुरू व्हायच्या आत, कडेच्या वेणीवर, गजऱ्यावर, चार ठोके खालच्या बाजूने मारून सूर उतरवला. दहावीत गेल्यावर याला कुणीही सांगायला नको की घाबरायचं नाही.

मुलांचा अंतरा आला तेव्हा पहिल्या रांगेतल्या पालकांनी माना वर केल्या. तेरा जाडे आवाज एकदम, भूपाचा गंधार थोडा उतरलेला, पण खणखणीत. मग तिहाई. पहिला धा बरोबर. दुसरा बरोबर. तिसऱ्याच्या आधी मुलींनी उत्साहात टाळी वाजवली, अर्धी मात्रा लवकर, आणि अकरांतले चार-पाच तिच्याबरोबर वाहवले. बाकीच्यांना म्होरक्याने हाताने थोपवून धरलं आणि समेवर ‘धा’ टाकला. फुटक्या आवाजात, माइकवर, सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल असा. चिरकलाच. या वेळी हसला तो फक्त स्वतः.

खुर्च्या उचलताना तो कॅटलॉग बघायला आला. त्याच्या नावापुढे मी डिसेंबरात पेन्सिलीने ‘पांढरी चार?’ असं प्रश्नचिन्हासकट लिहून ठेवलं होतं.

‘बाई, अजून खाली जाईल?’

‘आता बोलतोयस त्यावरून तर जाईल असं वाटतंय.’

‘काळी एकपर्यंत?’

‘जूनमध्ये ये हजेरी द्यायला. मधल्या सुट्टीत. डबा खाऊन ये.’