दुपारी ११.२, पहाटे १.४

नववीच्या गटाने तलावाच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजला. लिटरला ११.२ मिलिग्रॅम. अंघोळीच्या पाण्याला किमान ५ लागतो, आमचा दुपटीहून जास्त, म्हणजे तलाव स्वच्छ! वर्गात टाळ्या. ज्या पाण्यात काळी-पांढरी तबकडी दोन विती खाली गेली की दिसेनाशी होते, ते पाणी.

माझा पहिला संशय हायपोवर, म्हणजे ऑक्सिजन मोजताना ब्युरेटच्या नळीतून थेंबथेंब सोडतात त्या सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणावर. शाळेच्या कपाटात ते जुनं होऊन पडतं, ताकद घटते, मग ब्युरेटमधून जास्त खर्च होतं आणि आकडा फुगतो. ताकद पक्की ठाऊक असलेल्या डायक्रोमेटच्या द्रावणाशी ताडून पाहिलं: ०.०२४७ नॉर्मल. हवी ०.०२५, एवढा फरक चालतो. मग बाटली. ३०० मिलीची बाटली नळीने तळापासून भरायची, दोन बाटल्यांएवढं पाणी वरून वाहू द्यायचं, बुचाखाली बुडबुडा नको. मुलं ती सरळ बुडवून गटागटा भरतात आणि हवा मिसळते. या गटाने नीट भरली होती, मी शेजारीच होतो. आणि हवा मिसळली तरी २८ अंशांच्या पाण्यात आकडा आठच्या पुढे जात नाही.

उत्तर त्यांच्याच वहीत, बाजूच्या रकान्यात होतं: पीएच ९, म्हणजे पाणी बरंच अल्कधर्मी. गावाचं सांडपाणी खाऊन माजलेलं शेवाळ उन्हात कार्बन डायऑक्साइड ओढतं, पीएच चढतो, ऑक्सिजन पाण्यात साठतो. रात्री तेच शेवाळ आणि तळाचा गाळ मिळून तो संपवतात. कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचं हिरवं पाणी बघत वाढलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. पण प्रकल्पाचा तास वेळापत्रकात शेवटचा, म्हणून दरवेळी नमुना तीनला. शेवाळाला याहून सोयीची वेळ नाही.

खरं तर एका मुलीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सर, पहाटे मासं वर तोंड काढत्यात." तिचे काका जाळं टाकतात. मी "छान निरीक्षण" म्हणून पुढे गेलो.

शनिवारी साडेपाचला दोन पालकांसह तलावावर गेलो. मँगनीज सल्फेट २ मिली, अल्कली-आयोडाइड-अझाइड २ मिली, पिपेटचं टोक पाण्याखाली. ही रसायनं आणि नंतरचं आम्ल माझ्याच हातात, मुलांकडे नाही. बुच लावून पंधरा वेळा उलटसुलट. दुपारी कॉफीसारखा तपकिरी साका बसला होता. आता बसला तो जवळजवळ पांढरा, सायीच्या रंगाचा. ऑक्सिजन नसला की साका पांढराच राहतो, हे मुलांना सांगावं लागलं नाही. २ मिली सल्फ्युरिक आम्ल, २०३ मिली नमुना, स्टार्चचा निळा रंग १.४ मिली हायपोलाच गेला. या मापात एक मिली म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम.

प्रदर्शनाच्या तक्त्यात ऑक्सिजनला एकच चौकट आहे, वेळेचा रकाना नाही. मुलांनी दोन्ही आकडे वेळेसकट कोंबले. परीक्षकांनी सरासरी काढायला सांगितली. ती येते ६.३, म्हणजे तलाव पुन्हा पास. थर्माकोलचं जलशुद्धीकरण केंद्र शेजारच्या टेबलावर पहिलं आलं, ते असो.

आता मुलांना दर तीन तासांनी, चोवीस तास नमुने घ्यायचेत. आठ वेळा, प्रत्येकी दोन, म्हणजे सोळा बाटल्या. आमच्याकडे सहा आहेत, त्यातल्या एकीचं बुच दुसरीचं आहे.