ज्याचे गाव, त्याचा सर्व्हे

आदिवासी डोंगरपट्ट्यातल्या एका केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, मी केंद्रप्रमुख आहे. शिक्षकभरतीच्या सरकारी ‘पवित्र’ पोर्टलमार्फत झालेल्या २०१९ च्या भरतीत आमच्याकडे आलेले शिक्षणसेवक बहुतेक मराठवाड्याचे होते. वारली बोली त्यांच्या कानावर कधी पडलेली नव्हती आणि महिना ६,००० रुपये मानधनावर तीन वर्षे काढण्याची मनाची तयारी करूनच ते आले होते. वर्गावर त्यांचा हात बसतो न बसतो तोच मार्च २०२० मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या. त्यानंतर त्यांच्या वाट्याला आले ते रेशन दुकानावरची देखरेख, नाक्यावरच्या नोंदी, विलगीकरण कक्षावरच्या पाळ्या आणि १५ सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेचा घरोघरीचा सर्व्हे.

त्या सर्व्हेच्या धामधुमीत एका दुपारी त्यांच्यापैकी एक जण राजीनामा घेऊन केंद्रशाळेत आले. अर्जात ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढेच लिहिले होते. मानधनात भागत नसेल किंवा घरचे परत बोलावत असतील, असा माझा अंदाज होता. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, पैशाचं मी घरी सांगूनच आलोय. पण पाड्यावरची लेकरं मला बघून पळतात. लेकरंच पळणार असतील तर मी तिथं कशाला राहू?”

काय घडले होते, ते त्यांनी सावकाश सांगितले. शेतात राबलेल्या, गार पडलेल्या बोटावर ऑक्सिमीटर लवकर आकडा दाखवत नाही, म्हणून ते प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचे बोट आधी आपल्या तळव्यांत चोळून गरम करत आणि मगच यंत्र लावत. हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. अशाच एका आजोबांचा आकडा पंच्याण्णवच्या बराच खाली आला. त्यांनी नियमाप्रमाणे आरोग्य उपकेंद्राला कळवले, रुग्णवाहिका आली आणि आजोबांना कोविड सेंटरला घेऊन गेली. आजोबा पुढे बरे होऊन परतले, पण तोवर गुरुजी बोट धरतात आणि माणूस नेतात, ही गोष्ट पाड्याच्या घराघरांत पोहोचली होती. ज्या मुलांचे बोट धरून त्यांनी पाटीवर अक्षरे गिरवून घेतली होती, तीच मुले आता थर्मल गन दिसली की रानात पळत होती.

नवीन शिक्षकांना आधार देण्याच्या नावाखाली त्या काळात जे चालले होते, त्याबद्दल मला आजही चीड येते. वेबिनार होत, त्यांच्या हजेरीच्या लिंक येत आणि ‘माहिती आजच पाठवावी’ असे संदेश रात्री उशिरापर्यंत येत राहत. ज्या पाड्यावर फोनला रेंज मिळण्यासाठी टेकडी चढावी लागते, तिथल्या शिक्षकाकडून आज किती विद्यार्थ्यांनी अभ्यासाचे दीक्षा ॲप पाहिले, याचा तक्ता मागितला जाई. नोकरीच्या पहिल्याच वर्षी ज्यांचा वर्ग हातातून गेला, त्या नव्या शिक्षकांची विचारपूस करणारा रकाना कोणत्याही तक्त्यात नव्हता.

मी तो अर्ज ठेवून घेतला, पण आवक रजिस्टरला त्याची नोंद केली नाही. नोंद होत नाही तोवर कार्यालयाच्या लेखी अर्ज आलेलाच नसतो, हे आमच्या खात्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याच संध्याकाळी मी शेजारच्या शाळेवरच्या, वीस-एक वर्षे नोकरी झालेल्या शिक्षकांना फोन केला आणि दोघांच्या गावांची सर्व्हेपुरती अदलाबदल करता येईल का, असे विचारले. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. “माझ्यावर चिडले तर चिडू देत, माझी शाळा तिकडं नाही,” एवढेच ते म्हणाले. असे सहकारी मिळाले म्हणून त्या वर्षात आमचे केंद्र तगले, असे माझे ठाम मत आहे.

वरून अर्थातच हरकत आली, कारण ज्याचे गाव त्याचा सर्व्हे अशा हिशेबाने याद्या आधीच तयार होऊन पुढे गेल्या होत्या. गावे तीच, घरे तीच, माणसेही तीच आहेत, फक्त दोन नावे इकडची तिकडे होतील, हे पटवून देण्यात दोन दिवस गेले. शेवटी तोंडी होकार मिळाला.

तांदूळ आणि कडधान्यांच्या वाटपाचा दिवस आला, तेव्हा मी मुद्दाम या गुरुजींबरोबर पाड्यावर गेले. शाळा बंद असल्याने पोषण आहाराचा कोरडा शिधा पालकांना दिला जात होता. गुरुजींच्या हातात या वेळी थर्मल गन नव्हती, वजनकाटा होता. मुले बराच वेळ कुडाच्या भिंतीआड उभी राहिली. मग एक मुलगी पुढे आली आणि काट्याचा आकडा वारलीत मोठ्याने वाचू लागली. तिचा एक आकडा चुकला, तो गुरुजींनी वारलीतच दुरुस्त केला, तेव्हा भिंतीआडून हसू ऐकू आले. पुढच्या आठवड्यापासून एका घराच्या ओट्यावर पाच-सहा मुलांना अंतर ठेवून बसवून त्यांनी वर्ग सुरू केला आणि डिसेंबर २०२१ मध्ये पहिली ते चौथीचे वर्ग रीतसर भरेपर्यंत तो या ना त्या ओट्यावर चालू ठेवला.

त्यांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि ते नियमित झाले. शिक्षणसेवकांचे मानधन १६,००० रुपये झाले ते २०२३ मध्ये, म्हणजे त्यांच्या तुकडीची तीन वर्षे ६,००० रुपयांवर सरल्यानंतर. एका तरुण माणसाचा अर्ज दाबून ठेवून त्याला तेवढ्या पैशांत थांबवण्याचा मला काय अधिकार होता, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारते. त्यांनी तो अर्ज मागे घेतो, असे कधी म्हटले नाही आणि मीही तो विषय पुन्हा काढला नाही.

पुढे शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आला, तेव्हा तिथल्या एका शिक्षणसेविकेची फाइल माझ्या पाहण्यात आली. तिने जून २०२० मध्ये राजीनामा दिला होता आणि तो आला त्याच दिवशी पुढे पाठवला गेला होता. कारण ‘कौटुंबिक अडचण’ असे नोंदवलेले आहे. तिच्याशी कोणी बोलले होते का, हे त्या फाइलवरून कळत नाही. त्याआधीच्या महिन्यात मुंबईहून परतलेल्या मजुरांसाठी तिच्याच शाळेत विलगीकरण कक्ष उघडला होता आणि त्याच्या ड्यूटीच्या यादीत पहिले नाव तिचे आहे. तिची जागा अजून भरलेली नाही.