पाणी 96 वर उकळलं

आज पाणी 96 अंशांवर उकळलं.

सामान हलवताना थर्मामीटरला धक्का लागला असेल, असं वाटून मी दुसरा काढला, जॅमसाठी ठेवलेला जुना. त्यानेही 96च दाखवले. पातेल्यात पाणी खळखळतंय, खिडकीची काच वाफेने पांढरी झालीये आणि पारा काही पुढे सरकत नाही. गॅस मोठा केला. पाणी जास्त उसळलं, भराभर आटायला लागलं, अंश तेवढेच.

कारण मला ठाऊक आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं, दर 300 मीटरला साधारण एक अंश. आम्ही नुकतेच राहायला आलो ते हे घर 1200 मीटरवर आहे. हिशेब चोख लागला. शाळेत शिकलेली, परीक्षेत लिहिलेली गोष्ट. तरी मी ओट्याला टेकून बराच वेळ उभी राहिले आणि डोळे भरून आले. जुन्या घराची किल्ली देताना आले नव्हते. ट्रक निघाला तेव्हाही नाही. नवरा आत येऊन विचारायला लागला, काय झालं. "पाणी लवकर उकळतंय," एवढंच सांगता आलं. तो म्हणाला, "मग चांगलंच आहे की!" त्याला काय समजावणार?

टोमॅटो विकत आणलेले होते, तेही मनात असणार. कापायला घेतले तेव्हापासूनच हाताला परके लागत होते. कुठल्या वाफ्यातले, शेवटचं पाणी कधी दिलेलं, काहीच माहीत नाही. तिकडे, जुन्या घरी, जवळजवळ समुद्रसपाटीला, टिकवायच्या शिजवलेल्या टोमॅटोच्या अर्ध्या लिटरच्या बरण्या उकळत्या पाण्यात 35 मिनिटं ठेवल्या की काम झालं. टायमर लावायचे, पण तो वाजायच्या आत माझा हात गॅसकडे गेलेला असायचा. ती 35 मिनिटं अंगात मुरली होती. इथे 45 लागतात. जॅमचंही तेच. तिकडे 104-105 अंशांना पाक जमायचा. इथे 104 ची वाट बघत बसले तर पाक आटून गोळा होईल, 100-101 लाच उतरवायला हवा. फरसबीला तर प्रेशर कॅनरचं, म्हणजे भरलेल्या बरण्या वाफेच्या दाबाखाली तापवायच्या भांड्याचं, 10 पौंडांचं वजन काढून 15 चं लावायचं. फरसबीत आंबटपणा नसतो. बोटुलिनमचे, म्हणजे बंद बरणीत जीवघेणं विष करणाऱ्या जिवाणूचे, बीजाणू नुसत्या उकळत्या पाण्याने मरत नाहीत, 116 अंशांच्या आसपास जावंच लागतं. तिथे अंदाज चालत नाही, आणि मी कधी चालवलाही नाही.

म्हणजे आकडे सगळे आहेत. तक्ता आहे, उंचीचा रकाना आहे, बोट ठेवून वाचलं की उत्तर मिळतं. मग टोचतंय काय?

टोचतंय हे, की इतकी वर्षं जे मला येतं असं मी समजत होते, ते नक्की कोणाला येत होतं? मला, की त्या जागेला?

मिरच्या कधी वाळल्या हे मी आवाजावरून सांगायचे. मूठभर हलवल्या की कळायचं. पण त्या गच्चीवर, त्या उन्हात, त्या वाऱ्यात. इथे ऊन कडक लागतं, हवा हलकी आहे, आणि संध्याकाळ झाली की दव पडतं. दुपारी कडकडीत झालेली मिरची रात्री बाहेर राहिली तर सकाळी पुन्हा मऊ. कोबी तिकडे तीन-चार आठवड्यांत आंबायचा, किलोला 20 ग्रॅम मीठ, बाकी काही नाही. इथलं स्वयंपाकघर जेमतेम 16 अंशांवर असतं, त्यामुळे पाच-सहा आठवडे तरी धरायला हवेत. मीठ तेच, कोबी तसाच, चिरणारी मीच. पण काम करतात ते पानावरचे जिवाणू, आणि ते त्यांच्या चालीने चालतात. आधी वायू सोडणारे, मग ते मागे पडून जास्त आंबट करणारे. मी बरणी दाबून झाकण्यापलीकडे काय करत होते? लोक म्हणायचे, हिच्या हाताला चव आहे. ती मागच्या खोलीतल्या गारव्याची असेल. फडताळ भिंतीच्या ज्या बाजूला होतं त्या बाजूची असेल.

ते फडताळ तिथेच राहिलं. आईचं होतं. त्याबद्दल आज नको.

निघायच्या आधीचे काही महिने आम्ही फक्त खात होतो. नवीन पेरलं नाही, नवीन भरलं नाही. फ्रीझर आधी रिकामा केला, कारण तो काही बर्फासकट नेता येत नाही. शेवटचे टोमॅटो सगळे वाळवले. टोमॅटोत 94-95 टक्के पाणीच असतं, ते कशाला ट्रकमधून न्यायचं? टोपलीभर टोमॅटो वाळवून एका बरणीत मावतील इतकेच उरले. भरलेल्या बरण्या उभ्या ठेवल्या, मधे टॉवेल, जाजमं, जुने स्वेटर. बाहेरची कडी काढून नुसतं झाकण ठेवलं होतं, म्हणजे आतला निर्वात धरून आहे की नाही ते बोटाने दाबून कळतं. पोचल्यावर मी पहिलं तेच केलं, पलंग लावायच्याही आधी. एकही झाकण टकटकलं नाही.

रिकाम्या बरण्या जास्त होत्या. खोकी उचलणारा मुलगा म्हणाला, "ताई, रिकाम्या बाटल्या कशाला नेताय एवढ्या?" मला तेव्हा काही बोलता आलं नाही. आत्ता वाटतं, खरं तर त्याच न्यायच्या होत्या. भरलेल्या तर संपणारच आहेत. लिंबाच्या लोणच्याची एक आहे अजून. तिच्यावर तारीख आहे आणि खाली "मागचं झाड" असं लिहिलंय. मागचं म्हणजे कशाच्या मागचं, ते इथे कोणाला कळणार! झाड सोडून येणं हे बरणी सोडून येण्यासारखं नसतं. बरणी आपली आहे म्हणता येतं.

दुपारी टोमॅटो पुन्हा चढवले. प्रत्येक बरणीत सायट्रिक ॲसिड पाव चमचा. टोमॅटो आंबट असतो असं आपण म्हणतो, पण तो नेमका कुंपणावर बसलेला असतो. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट. त्यात 4.6 ची जी सुरक्षित रेषा आहे, तिच्या कधी खाली, कधी वर. पाव चमचा घालताना मनाला बरं वाटलं, कारण हा पाव चमचा उंचीने बदलत नाही. तो तिकडे जेवढा होता तेवढाच इथे. बरण्या पाण्यात सोडल्या आणि 45 मिनिटं तिथेच बसून राहिले. तिकडे त्या वेळात माझी दहा कामं व्हायची.

बसल्या बसल्या निकोला आपेर आठवला. बाटलीत अन्न भरून, बूच मारून, पाण्यात उकळून टिकवायची रीत त्या फ्रेंच माणसाने वर्षानुवर्षं करून करून बसवली. 1810 साली फ्रेंच सरकारने त्याला 12,000 फ्रँक दिले, अट एकच, रीत छापून सगळ्यांना सांगायची. त्याने सांगितली. पण अन्न का टिकतं हे त्याला माहीत नव्हतं. तो समजत होता हवा बाहेर ठेवल्याने टिकतं. सूक्ष्मजीव आणि उष्णता यांचा संबंध पाश्चरने दाखवला तो पुढे पन्नासएक वर्षांनी, आणि तोवर आपेर हयात नव्हता. मला नेहमी या माणसाबद्दल माया वाटत आलीय. कारण हाती नसताना त्याने केवढं केलं! पण आज पहिल्यांदा असंही वाटलं, की त्याच्या हाताखाली शिकलेला कोणी उंच डोंगरावर राहायला गेला असता आणि तिथे त्याच्या बाटल्या फसफसल्या असत्या, तर बिचाऱ्याने कोणाला विचारलं असतं? तो म्हणाला असता, हात गेला माझा.

मीही सकाळी तेच म्हणत होते.

माझ्याकडे कारण आहे. ते मी उचलून आणलं, त्याला खोकं लागलं नाही. 35 मिनिटं तिकडची होती, ती तिकडेच राहिली. पण बरणीच्या पार मधल्या फोडीपर्यंत पुरेशी उष्णता पोचायला हवी, ही गोष्ट माझी आहे आणि इथेही खरी आहे. हे लिहिताना थोडं हलकं वाटतंय. सगळं नाही. मिरचीचा आवाज अजून माझा नाही, इथला एक उन्हाळा तरी त्याला द्यावा लागेल. एवढ्याशा गोष्टीलाही वेळ द्यावा लागतो, मला घाई फार असते.

रिकाम्या बरण्यांपैकी एक मघाशी वापरली. मागच्या तुकड्यातली माती एक तृतीयांश भरली, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवली आणि खिडकीत ठेवली. रेती मिनिटाभरात बसली. पोयटा रात्रीपर्यंत बसेल, चिकणमाती उद्या किंवा परवा. आत्ताच दिसतंय, रेती बरीच आहे. म्हणजे पाणी टिकणार नाही, कंपोस्ट पुष्कळ घालावं लागेल. तिकडची माती चिकट होती, पावसाळ्यात चपला ओढून घ्यायची. तिला मोकळी करण्यात आमची कितीतरी वर्षं गेली, आणि आता कुठे ती भुसभुशीत झाली होती. ती वर्षं कोणाच्या हाती दिली आपण?

हा प्रश्न लिहून थांबले होते, तेवढ्यात तिकडे राहायला आलेल्या बाईंचा मेसेज आला. फोटोसकट. "लिंबाची पानं पिवळी पडतायत, खत घालू का?"

पहिल्यांदा रागच आला. इतक्यात पिवळी पाडली? मग फोटो मोठा करून बघितला. खालची जुनी पानं पिवळी, शेंड्याची हिरवी, आणि आळ्यात पाणी चमकतंय. मी लिहायला बसले. खत नको, आधी पाणी थांबवा. त्या झाडाखाली दोन वीत खाली चिकणमातीचा थर आहे, तिथे पाणी साचतं आणि मुळं गुदमरतात. आळं खोडापासून लांब सरकवा. वरची माती बोटभर खोल कोरडी लागली की मगच पाणी. लिंबं पिवळी व्हायची वाट बघू नका, सालीची चकाकी वाढली आणि दाबल्यावर किंचित दबली की काढा, लोणच्याला तीच चांगली. गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात मिरच्या वाळवा, तिथे वारा फिरतो. मागच्या खोलीत भिंतीशी जे फडताळ आहे त्यात बरण्या ठेवा, दिवसभर गार राहतं. खालच्या कप्प्यात नको, तिथे ओल येते.

लिहितच गेले. मला ठाऊक नव्हतं मला इतकं ठाऊक आहे. यातलं इथे माझ्या काही उपयोगाचं नाही, आणि त्यांना मात्र सगळंच लागणार आहे. "एवढं सगळं! वहीत उतरवून घेते," असं त्यांचं उत्तर आलं. मग मी विचारलं, पालापाचोळ्याचा खड्डा उघडला का. नाही म्हणाल्या, कुठे आहे तो?

कुंपणाच्या आत, पेरूच्या डाव्या हाताला. वरची सुकी पानं बाजूला केली की खालचं तयार असेल, काळं, मातीचा वास येणारं. ते वाफ्यांत घाला, आता घातलं तर लसणाला मिळेल. लसूण लावणार असाल तर कुठला वाफा ते उद्या सांगते, आज हात दुखतोय.