स्टोची ध्वनिफीत आणि लिव्हरपूलचा हेल

आज आम्हा बीटल्सवेड्यांची चर्चा ४ एप्रिल १९६३ च्या ध्वनिफितीवर रंगली. बकिंगहॅमशायरमधील स्टो या निवासी शाळेतला बीटल्स या लिव्हरपूलच्या इंग्रजी बँडचा तो कार्यक्रम जॉन ब्लूमफील्ड या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने टेप केला होता आणि २०२३ मध्ये बीबीसीवर त्याची वार्ता येईपर्यंत बहुतेक रसिकांना त्याचा पत्ताच नव्हता. श्रोते मुख्यतः मुलगेच असल्याने गाणी गिळून टाकणाऱ्या चाहत्या मुलींच्या किंकाळ्या त्यात फारशा नाहीत.

मला मात्र अशा खानदानी शाळेत उमटलेला लिव्हरपूलचा हेल अधिक मोलाचा वाटतो. त्या बोलीत शब्दाच्या शेवटचा ‘क’ घशात घासला जाऊन जवळजवळ ‘ख’ होतो. गाताना हा हेल लपतो, असे एका मित्राचे म्हणणे, आणि ते बरेचसे खरे आहे: ‘टिल देअर वॉज यू’ या गाण्याच्या त्याच वर्षीच्या ध्वनिमुद्रणात बीटल्सचा गायक पॉल मॅकार्टनी ‘सॉ’ (saw) या शब्दाला मुळात नसलेला अमेरिकी ‘र’ खुशाल जोडतो.